उघडी जवारी

मार्केट यार्डाच्या मागं श्रेणिकच्या मामाची शेड.
दिवसा तिथं हळद पॉलिश होते.
लोखंडी पिंप फिरतं, आत गाठी एकमेकींवर आपटतात,
साल जाते, रंग चढतो,
आणि काही सांगायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं.
या पिंपाशेजारी हिशेब लिहिताना
श्रेणिकला हेडफोनमध्ये काहीच ऐकू येईना,
म्हणून तो शोधत गेला पिंपाहून मोठं काहीतरी.
सापडलं.
मग एकट्याला पेलेना.

सदा आवळे बँजो पार्टीतला.
सात हंगाम टेम्पोच्या हौद्यात उभं राहून
त्यानं दुसऱ्यांच्या लग्नांत ताशा फोडला.
पहिल्या रात्री म्हणाला, "नवरदेव कुठाय?"
नाही, म्हटलं. कुणीच नाही.
"मग थांबायचं कवा?"
त्याचं उत्तर आम्हाला अजून देता आलेलं नाही.

ग्लोरिया मिरजेची, चर्चच्या कॉयरमधली.
मागची रांग, डावीकडून तिसरी,
कुणाच्याही आवाजात मिसळून जाणारी
अशी तिची ख्याती.
शेडमध्ये ती पहिल्यांदा ओरडली
आणि तिनंच तोंडावर हात ठेवला.
आम्ही वायरींकडं बघत राहिलो.
मग तिनं हात काढला.

इर्शादच्या घरी तीन पिढ्या सतारी.
उरलेल्या तुणीच्या लाकडातनं त्यानं गिटार कोरली,
तिच्या पिकअपवर तांब्याची तार मी गुंडाळली –
मी कुपवाडचा मोटार रिवाइंडिंगवाला,
सीझनमध्ये ऑर्केस्ट्रात बेस धरून उभा राहायचो,
झगमगीत कोट घालून, ज्याच्याकडं कुणी बघत नाही असा.
सहा हजार वेढे. मोजले होते.
पहिली तार छेडली तर कुणाच्या तरी पंपाची मोटार
विहिरीत रडल्यासारखी वाटली.
"हेच," श्रेणिक म्हणाला. "आता हात लावू नकोस."

ताल पिंपाचाच धरला,
मिनिटाला जितके फेरे तितके.
हळदीचा धुरळा ॲम्पच्या जाळीत बसला,
सदाच्या काठ्या पिवळ्या, ग्लोरियाची नखं पिवळी,
घरी कुणी काही विचारलं नाही,
नुसतं बघायचे, हळद कुणाची लागली म्हणून.

एका रात्री इर्शादचे चाचा आले, दुकानाची किल्ली मागायला.
पोत्यावर बसले.
आम्ही लाजलो, पण आकडे मोजून झाले होते,
सुरुवात झाली.
सहा मिनिटं.
संपल्यावर बराच वेळ कानात शिट्टी.
चाचा म्हणाले, "फाटलेला नाही हा आवाज.
जवारी उघडी राहिलीये.
घोडीवर कानस दोन हात जास्त फिरली ना,
तर तंबोरा असाच गुरगुरतो.
गिऱ्हाईक परत आणतं. आम्ही घासून बंद करून देतो."
थांबून म्हणाले, "तुम्हाला कुणाकडं आणून द्यायचं?"
किल्ली घेऊन गेले.
खिशातली कानस पोत्यावर राहिली.
विसरले की ठेवून गेले,
इर्शाद विचारत नाही.

नाव तेवढं ठरत नव्हतं.
विश्रामबागेत कराटे क्लासचा हॉल घेतला तेव्हा
पावतीपुस्तकासमोर आम्ही त्यावरच भांडत होतो,
सर कंटाळले, त्यांनी लिहिलं :
आवाज पार्टी, सांगली. रुपये सातशे.
तेच राहिलं.

माणसं चौदा. त्यांतली चार श्रेणिकची चुलत भावंडं,
एक जण खरं तर ब्राऊन बेल्टची चौकशी करायला आलेला.
तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर फ्यूज उडाला.

काळोख. तारा अचानक बारीक,
डास असावेत तशा.
सदा थांबला नाही. नवरदेव नव्हताच.
ग्लोरियाच्या हातातला माइक मेलेला,
ती तो खाली ठेवून पुढं आली, मॅटवर, अनवाणी,
आणि त्या चौदा माणसांपैकी कुणीतरी
– बेल्टवाला होता, नंतर कळलं –
तिच्यासोबत ओरडला,
शब्द माहीत नसताना.

फ्यूज बांधायची तार माझ्या खिशात असते. नेहमी.
सगळे अंधारात माझ्याच दिशेनं बघत असणार.
मी हात खिशातच ठेवला,
अजून थोडा वेळ.