तीन बांधली होती

कॅनडा कॉर्नर, दुसरा मजला, संध्याकाळचे साडेसात.
इथला गारवा मशीनसाठी असतो,
मी आपली शाल गुंडाळून बसते.
पडद्यावर पुंजाराम गांगुर्डे, वय सदुसष्ट,
मोहाडी, तालुका दिंडोरी.
जुने कागद नाहीत.
फाईल पत्र्याच्या पेटीत होती म्हणे,
पेटी गेली धाकट्या भावाच्या वाटणीत.
ऑपरेशन कधी? "मुलगी दहावीला होती तेव्हा."
किती बायपास? "तीन. डॉक्टरांनी बोटं दाखवलेली."

एवढ्यावर वाचायचं.

छातीचं मधलं हाड तारांनी शिवलेलं,
सहा तारा, एक तुटलेली, तिचं काही नाही.
त्यांच्या डावीकडून खाली
तांदळाच्या कणीएवढे चिमटे.
प्रत्येक चिमट्यापाशी एक फांदी मिटवलेली,
बरगडीकडं निघालेलं रक्त
तिकडं जाऊ नये म्हणून.
कुणीतरी वाकून, भिंगातून, एकेक करून.
त्या माणसाचं नाव मला माहीत नाही,
हात मात्र कळतो:
अंतर सारखं, घाई नाही,
फक्त चौथ्याला दोन चिमटे, खेटून.
इथं थोडं वाहिलं असणार.
इथं तो काहीतरी पुटपुटला असणार.

निलोफर नवी आहे, शिकतेय.
तिला सांगते, पांढरं दिसलं की दचकू नकोस.
औषध सोडण्याआधीची चित्रं काढ.
तेव्हाही जे पांढरं होतं
ते धातूचं, नाहीतर चुन्याचं.
नंतर उजळलं ते रक्त.
आणि चिमट्याला काटे फुटतात, बघ,
त्या काट्यांआड नळी अरुंद वाटली
तर लगेच अरुंद लिहू नकोस.
धातू खोटी सावली टाकतो.

पहिलं कलम उघडं,
हृदयाच्या पुढच्या अंगाला नीट जाऊन मिळालंय.
दुसरं पायातल्या शिरेचं, उजवीकडं वळलेलं,
बारीक, पण वाहतंय.
तिसरं
मी वर जाते, खाली येते, परत वर.
महाधमनीपासून डावीकडं, मागं,
पाच चिमटे एका ओळीत
आणि त्यांच्यामध्ये कुणीच नाही.
नुसती चरबी.
बाग तोडल्यावर तारेवर
सुतळीच्या गाठी राहतात ना, तशा.

पुंजाराम सदऱ्याची बटणं लावत
दारात उभे. आत यायची परवानगी नसते.
मी खुर्ची सरकवते.
"हे ठिपके?"
चिमटे आहेत. कलम केलं होतं तिथले.
"कलम?"
ते हसतात, पुढं वाकतात.
"मी तेच करतो की. पंचेचाळीस वर्षं.
डॉगरिजवर थॉमसन. दिवसाला अडीचशे काड्या.
पाचर मारायची, पट्टी बांधायची.
पण आम्ही पट्टी सोडतो नंतर,
नाहीतर आवळते. तुम्ही सोडत नाही?"
नाही. आतच राहतात.
"मग बसलं का नाही, कसं कळतं?"

मी दाखवते. हे बसलंय. हेही.
हे नाही बसलं काका.
कधीचंच वाळलंय.

ते त्या पाच ठिपक्यांकडं बघत राहतात,
दुसऱ्याच्या बागेत बघावं तसं,
कारागिराला नावं न ठेवता.
"शंभरात पंधरा जातातच," ते म्हणतात.
मग, "खुंट जिवंत आहे ना?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी पुन्हा मागच्या भिंतीपाशी जाते,
काप काप करत, सावकाश.
पातळ झालेली नाही. पुरेशी जाड,
दुसऱ्या कुठल्या आडवाटेनं तिला पाणी पोचतंय.

आहे, मी सांगते. जिवंत आहे.
"मग झालं."

रिपोर्टात एक ओळ वाढवते भिंतीबद्दल.
खुंट असा शब्द तिथं चालत नाही.
त्यांना निमाणीहून शेवटची गाडी गाठायचीय,
किती वाजता असते विचारतात.
मला माहीत नाही.
निलोफर मोबाईलवर शोधते.