रात्री दोनची नोंद

फेब्रुवारी, सेहेचाळीस.
अपोलो बंदरावर माझं काम एवढंच:
दर तासाला पट्टीवर पाणी किती चढलं, ते लिहायचं.
शेजारचे रकाने दुसऱ्यांचे.
आवक, जावक, कोळसा, कापूस,
त्या आठवड्यात सगळे कोरे.

जहाजं समोरच होती, गेली कुठेच नव्हती.
तोफा तेवढ्या वळल्या होत्या
शहराकडे, म्हणजे माझ्याकडेही,
आणि डोलकाठीवर साहेबाच्या निशाणाच्या जागी
तीन बावटे, घाईत शिवलेले.

हुकूम निघाला: किनाऱ्यावरून एकही होडी सुटता कामा नये.
खलाशांची पोटं खपाटीला गेली
की डोकी आपोआप ताळ्यावर येतील.

मांडवी कोळीवाड्याची चांगुणा
पायऱ्यांवर पाटी टेकवून उभी.
तांदळाच्या भाकऱ्या, सुका जवळा, वर ओलं गोणपाट.
"ए लिवणाऱ्या, पानी कवा भरंल?"

तिला ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.
विचारलं ते वेगळंच काही.

मी म्हणालो, पावणेदोनला.
मग, बऱ्याच वेळानं:
गस्तीची लाँच दोनला पलीकडे वळते.
मग, कोण बोललं कुणास ठाऊक:
तुझ्याकडं दुसरं वल्हं आहे का?

बावटे उतरले. कोळसा आला, कापूस गेला.
साहेबानं वही चाळली, बोट ठेवलं:
इथं आकडा का नाही?
डुलकी लागली, साहेब.
एक रुपया दंड.
सही करताना तळव्यावरचे फोड
मी वहीखाली धरले.