पाच सेंटीमीटर

शाळा बंद पडली तेव्हा ह्यांनी भंगारातून सोडवून आणला
पृथ्वीचा गोल. आस वाकलेला,
रशिया अजून अखंड,
मादागास्करवर कुणा पोराचे दात उमटलेले.

त्यावर माझ्या मशीनचा निळा दोरा
जिभेनं ओला करून ताणला.
एक टोक इंदूरवर, जे छापलेलंच नाही,
भोपाळच्या ठिपक्याच्या जरा डावीकडे, अंदाजानं;
दुसरं शारजावर. तेही छापलेलं नाही.
"पाच सेंटीमीटर," म्हणाले. "जेमतेम.
म्हणजे साधारण एकवीसशे किलोमीटर.
विमानाला सव्वातीन तास."
छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस.
विमान आतून पाहिलेलं नाही.

वैजू तोवर पोरवाल भियाच्या काट्यावर
बॅग तोलून आली होती.
तीस किलोला पाऊण किलो जास्त.
लवंगाची शेव राहिली, जिरावण राहिलं,
मेतकूट मोज्यांत कोंबलेलं राहिलं.
निघाला तो मी विणलेला स्वेटर.
"शारजात कसला गं स्वेटर," ती म्हणाली.
एक्स-रेच्या खोलीत तिला थंडी वाजते
हे तिनंच सांगितलं होतं मला, मागे कधीतरी.

रामबागेतून विमानतळ आठ किलोमीटर.
मल्हारगंजात वरात आडवी आली,
बडा गणपतीशी रस्ता खोदलेला,
रिक्षावाला उतरून भांडून आला.
पाऊण तास.
ह्यांनी मांडीवरच्या वहीत लिहिलं :
हेच अंतर विमानाला पाऊण मिनिट.

साडेबाराला उडालं.
पावणेचारला तिचा फोन, "पोचले."
तिच्या घड्याळात तेव्हा सव्वादोन.
सकाळी मुंगी वहिनींनी विचारलं,
"मग मधला दीड तास गेला कुठे?"
"ती घेऊन गेली," हे म्हणाले. "येताना फेडते."
गंमत नव्हे, वहीत दोन रकाने आहेत.
नेला. फेडला.
सहा वर्षं हिशेब चोख.

यंदा ती आली नाही.
रजा नाही म्हणाली, मग तिकीट महाग म्हणाली,
मग म्हणाली सोफा घेतलाय, बघायला तुम्हीच या.
वहीत लाल शाईनं : येणे बाकी, दीड तास.

तिकडे साडेनऊला तिचं जेवण होतं,
तेव्हा ती फोन करते.
इकडे अकरा. हे घोरत असतात.
माझी झोप साडेनऊची, लग्नाआधीपासूनची.
रोज रात्री ओट्याशी उभी राहून
मी दीड तास भरते.
तो कुठल्या रकान्यात जातो
मी विचारलेलं नाही.

काल ह्यांच्या शर्टाचं बटण लोंबत होतं.
घाईत कंपासपेटी उघडली, निळा दोरा दिसला,
सुईत ओवला.
गाठ मारल्यावर एक टाकाही निघेना.
तसाच घडी करून ठेवला परत, कोनमापकाखाली,
आणि रिळावरून नवा तोडला.

"केवढा घेतलास?" खुर्चीतून ह्यांनी विचारलं.
"हातभर."
डोळे मिटून गुणाकार केला त्यांनी.
"हातभर म्हणजे अर्धी पृथ्वी झाली की गं."

"लागते," मी म्हटलं. "एका बटणाला."