झाडाशी संबंध

शब्दकोशात पाहिलं, सापडलं: पाखंडी.
बरं. चालेल.

एकवीस वर्षं वजनमापं खात्यात आहे मी,
खोटं वजन हातात घेताच कळतं.
आणि घरातले देव काही वर्षं
हलके लागत होते.
दोष देवांचा नसेल,
काटा माझाच बिघडला असेल.
डोंबिवलीच्या भावजयीकडे पोचवले, ताम्हणासकट.

फळीवर आता दहिसर नदीतला एक दगड आहे,
पुलाखालचा, दोनदा धुऊनही वास मारणारा.
टाकळ्याची वाळकी शेंग.
वर स्विचबोर्डाला चिकटून कुंभारमाशीचं घर,
ते मी आणलेलं नाही,
ते आपणच आलं.

बायजी भोये पाड्यावरून उतरते,
बोरिवली पूर्वेला शेवळं विकते.
तिनं एकदा सांगितलं,
पयलं झुडूप सोडून द्यायचं.
मग दुसरं?
दुसरं इचारून.
कोणाला?
तिनं माझ्याकडे पाहिलं,
मी रिकाम्या पारड्याकडे पाहते तसं.

तिचा वाघोबा तिचा आहे.
त्याचा शेंदूर, त्याचं कोंबडं,
तिच्या सासऱ्याच्या बापाला त्यानं मागे फिरवलं ती रात्र,
त्यातलं काहीच मी उचललेलं नाही.
माझ्या वाट्याला आली
सोसायटीच्या भिंतीला टेकलेली सातवीण.
तिच्यापाशी मी काही मागत नाही.
आंघोळीआधीची एक बादली घालते,
खोडाला पाठ लावते,
गोराईला आज भांग की उधाण ते तिला सांगते,
वेडेपणाच, पण तिला इथून खाडी दिसत नाही.

ऑक्टोबरात तिच्यावर नोटीस ठोकली, चार खिळ्यांनी.
कारण: वास.
डी विंगच्या कारखानिसांना रात्री दम लागतो.
खोटं नाही ते,
त्यांच्या छातीतली शिट्टी जिन्यात ऐकू येते मला.
तरी हरकतीचा अर्ज घेतला.
रकाना सहावा: झाडाशी संबंध.
मालक. भाडेकरू. इतर.
इतरपुढे अर्धा इंच रेघ.

शेजारी, असं लिहिलं. खोडलं.
भक्त लिहिणार होते,
पण तो शब्द हल्ली भलत्याच कामाला जातो.
लेक लिहायला वय आड आलं.
मागचा माणूस म्हणाला, मॅडम, लवकर.
लिहिलं: उधारी.

कारकून हसला नाही.
पेन थांबवून म्हणाला,
किती?

मला, वजनमापंवालीला,
सांगता आलं नाही.

छाटणी मंजूर झाली. एक तृतीयांश,
डी विंगकडची बाजू.
त्या रात्री पक्कड घेऊन खाली गेले
तर कारखानीस आधीच तिथे,
नाकाला रुमाल,
तुटलेल्या फांद्यांकडे बघत.
काही बोललो नाही आम्ही.
त्यांनी मोबाइलची बॅटरी धरली, मी खिळे ओढले.
तीन निघाले.
प्रत्येक भोकातून दूध आलं, पांढरं, चिकट,
हाताला लागलेलं मी पुसलं नाही.
चौथा डोक्यापर्यंत रुतलेला.

अजून आहे तो.
त्याच्यावर साल चढते आहे.