पत्र्याचे आकडे

तांडापेठेच्या मैदानावर मी आकडे टांगतो.
पत्र्याचे, इंग्रजी. मे महिन्यात संध्याकाळी सहालाही
बोटं पोळतात, म्हणून हातात ओला दुपट्टा.
नऊ मागच्या वर्षी कोणीतरी पळवला,
तेव्हापासून सहालाच खालून भोक पाडून
उलटा लटकवतो.

त्या दिवशी डावीकडे तोच उलटा सहा होता,
उजवीकडे एकतीस.
दोन लोण चढलेले. पाच मिनिटं बाकी.
कुंपणावरची पोरं ओरडून राहिली होती,
"काका, नऊ कायचे, सहाच आहेत ना बे!"

आचल निनावे चिडली नाही.
वाकून माती घेतली, तळहातावर चोळली,
उरलेली परत जिथली तिथं टाकली.
मग माझ्याकडे पाहून, "काका, किती?"
मी म्हटलं, "बावीसनं मागं."
"ते नाही. मिनिटं."

बारा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

मीही खेळलोय. अमरावतीला एकदा
सहा गुणांनी मागे होतो आम्ही,
आणि मी सारखा फलकाकडे बघत होतो,
तेवढ्यात एक जण माझ्या खांद्याला शिवून
निघूनही गेला.
त्याचा चेहरा आठवत नाही.
खडूनं लिहिलेला चौदा आठवतो,
चारचं शेपूट जरा पुसलेलं.

आचल पहिल्या चढाईत पकडली गेली.
चौघींखालून निघाली, कोपर फुंकलं,
बाहेर बसायला जाता जाता
कोपऱ्यातल्या रोहिणीला म्हणाली,
"तिच्या हाताकडं नको पाहू, कमरेकडं पाह्य.
हात फसवून राहिला आपल्याला."
बस, एवढंच. जणू शून्य-शून्य आहे.

रोहिणीनं कंबर पाहिली. घोटा धरला.
मी स्टुलावर चढून उलटा सहा काढला,
एक आणि शून्य अडकवले.
आचल आत आली.

शेवटच्या चढाईत तिचा आवाज मी नीट ऐकला.
कबड्डी कबड्डी कबड्डी,
दम पहिल्या मिनिटाला होता तेवढाच,
ना घाईत, ना रडवेला.
सात जणी समोर. डावा पाय रेषेपलीकडे टेकला,
उजवा हवेत,
आणि परत.
पंचांनी अंगठा वर केला.

तेरा–चौतीस. हरल्या त्या, चांगल्याच हरल्या.
पण त्या पाच मिनिटांपुरतं पाहिलं
तर चार–तीन भरतात.
अधिकृत वहीत त्याला रकाना नाही.
मी पुड्याच्या कागदावर लिहून
खिशात ठेवलं, का ते माहीत नाही.

दिवे गेले. मी पत्रे गोणीत भरत होतो.
ती माठातलं पाणी डोक्यावर ओतून आली,
ओल्या हातानं गोणी धरली माझ्यासाठी,
उलटा सहा तिच्या हाती लागला,
फिरवून फिरवून बघितला.
"काका, नऊचा एक नवीन करून घ्या ना.
पुढच्या खेपेले लागन."