लेहलाका

पहिल्यांदा कानाला कळलं, डोळ्यांना नाही.
मागे गाढवांवर मोहेरची पोती, पुढे मी, खाली लेहलाका,
आणि त्याची ती चाल,
जी इथल्या डोंगरातल्या घोड्यांना पोटातूनच येते:
ना दुडकी, ना भरधाव,
हातातला चहा सांडणार नाही अशी.
तिचा ठेका मला झोपेतही मोजता येतो.
त्या दिवशी सेमोन्कोंगच्या उतारावर
एक मात्रा जराशी उशिरा आली.
एवढंच.
घरातून निघाल्यावर वाटतं ना,
कडी लावली की नाही,
तसं काहीतरी.

घरी आला तो सरळ चालत.
पाहुण्यांसमोर लंगडायची त्याला लाज असावी.

रामोखेले कुंपणापलीकडून म्हणाला, खांदा.
त्याच्या मते सगळं खांद्यातच असतं,
चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या घोडीचं खांद्यात होतं.
चिमूटभर तपकीर ओढली, ब्लँकेटची पिन घट्ट केली,
आणि पुन्हा म्हणाला, खांदा.

मी तांकिसोला हाक मारली.
दिराचा पोरगा. हिवाळाभर वरच्या तळावर गुरं राखली,
आता घोड्याचं पाणी, घोड्याचं गवत त्याच्याकडे.
म्हटलं, दोर सैल सोड आणि पळव,
हिरवळीवर नको, कडक रस्त्यावर.
तो म्हणाला, हिरवळीवर बरं पळतो.
बरं पळतो म्हणूनच नको, मी म्हटलं.

गेले. वळले. आले.
मी फक्त मान पाहत होते.
दुखरा पाय टेकताना मान वर जाते,
चांगला टेकला की खाली येते,
जणू हो म्हणतोय, हो म्हणतोय,
कुणी काही विचारलेलं नसताना.
पुन्हा पळवलं.
डावा पुढचा.

मग बोटं.
खांद्यावरून खाली, रामोखेलेच्या समाधानासाठी दोनदा,
गुडघा गार, शिरा सरळ, दोरीसारख्या,
पण घोट्यामागे नाडी ठणठणत होती,
बंद दारावर कुणी आतून थापा मारावी तशी.
पाय उचलला.
खुराच्या खाचेत चिखल, चिखलात काहीतरी करडं.
ओढलं तर लोकर निघाली.
कातलेली, विणलेली.
मोज्याचा तुकडा.

तांकिसो भिंतीकडे बघायला लागला.

किती दिवस?
नऊ.
कोणी भरलं हे?
उत्तर नाही.
मग हळूच: दगड टोचतात त्याला, म्हणून.
मग आणखी हळू: मला वाटलं तुम्ही त्याला विकाल.
म्हणजे नऊ दिवस हा लांबच्या वाटेनं,
ओढ्याच्या कडेच्या मऊ गवतातून त्याला पाण्यावर नेत होता,
आणि मी उशीर का म्हणून ओरडत होते.

गोटा घेऊन खुरावर ठोकत गेले, कडेकडेनं,
एका जागी लेहलाकानं पाय हिसकला.
तिथे सुरी लावली. पांढरं. पांढरं. पांढरं.
मग मोहरीएवढा काळा ठिपका.
त्याच्या मागे लागले,
जरा आत, आणखी जरा आत,
आणि एकदम काळं पाणी, त्याचा तो वास,
आणि घोड्याचा इतका लांब श्वास
की गाढवांनी माना वळवल्या.

रामोखेले म्हणाला, खांद्यातूनच उतरलं असणार.

बादलीत कोमट पाणी, मीठ,
वर मक्याच्या कोंड्याचा लेप, जुन्या पोत्याचं फडकं.
तांकिसोनं गाठ मारली. चांगली मारली.
उठला, बादली घेऊन निघाला,
आणि मला अंगणात पुन्हा ऐकू आलं:
बादलीची कडी एकदा लवकर वाजत होती, एकदा उशिरा.

दोनदा मी याला रस्त्यावरून पळवलं,
दोन्ही वेळा माझी नजर घोड्याच्या मानेवर.
आता आठवते त्याची टाच, कधीच न टेकलेली,
आणि एकच मोजा, उजव्या पायात.

बादलीत पाणी अजून कोमट आहे.
घोड्याला बांधलंय.
तांकिसो, मी म्हटलं, इकडे ये.
हिरवळीवरून नको.