टेबल नंबर अकरा, व्हिटबी

पाऊण तास रांगेत उभं राहून मिळालं
ते टेबल संडासाच्या दाराशी.
दार उघडलं की हात सुकवायच्या यंत्राची
गरम फुंकर कुमुदआत्याच्या पदरावर.

व्हिनेगर मागितलं. हो म्हणाली ती पोरगी
आणि पलीकडच्या वाढदिवसाला केक घेऊन गेली.
पुन्हा मागितलं.
तिसऱ्यांदा मी नुसता हात वर केला,
उत्तर येत असूनही
बाईंनी कधीच न विचारलेल्या पोरासारखा.

मासा आला तेव्हा त्याचा कुरकुरीतपणा
वाटेतच कुठेतरी उतरून गेला होता.
वाटाणे मात्र हिरवेगार, आणि गार,
खिडकीबाहेरच्या समुद्राइतके.

मी मनात वाक्यं जुळवत बसलो.
व्याकरण तपासलं, राग मोजून घेतला,
'प्लीज' नेमकं कुठे घालायचं तेही ठरवलं.

ताटं उचलताना तिनं विचारलं,
कसं होतं सगळं?

"लव्हली," मी म्हणालो.
वर "थँक यू".

काय म्हणालास रे तिला?
छान होतं म्हणालो.

आत्यानं ताटातून वाचवलेला बटाट्याचा तुकडा
सावकाश तोंडात टाकला.
"असं होय.
मला वाटलं, तुला इंग्रजी येतं."